छप्पर उकलणारे चौघे

शास्त्रभाग : मार्क २:१-१२



कफर्णहूमच्या त्या पक्षघाती माणसाची गोष्ट आपणांपैकी कोणाला ठाऊक नाही? रविवारच्या शाळेत ती आपण ऐकली, पुढे शिक्षक होऊन ती सांगितली, रंगीत चित्रे दाखवून लहान मुलांना समजावली. घर माणसांनी गच्च भरलेले, दारातही पाय ठेवायला जागा नाही, आणि चार माणसे एका आजाऱ्याला बाजेसकट घेऊन छपरावर चढलेली! गोष्ट इतकी ओळखीची झाली आहे की तिच्यातील बोच आता आपल्याला लागत नाही. म्हणून ती या महिन्यात पुन्हा एकदा सावकाश वाचावी, आणि वाचताना कफर्णहूमबरोबर आणखी एक गाव डोळ्यांपुढे ठेवावे, अशी आमची विनंती आहे. त्या गावाचे नाव देडतलाई.

देडतलाई हे मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्ह्याच्या खकनार तहसिलीतले गाव. बऱ्हाणपुराहून धारणीमार्गे अमरावतीकडे जाणारा रस्ता येथून जातो. थोडे पुढे गेले की महाराष्ट्राची हद्द लागते आणि मेळघाट सुरू होतो. नकाशावर येथे दोन राज्ये वेगळी होतात. डोंगर, जंगल आणि माणसे मात्र तीच राहतात. हद्दीच्या दोन्ही बाजूंना कोरकू समाजाची वस्ती आहे. कोरकू भाषेत ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. तेव्हा कोरकू या नावाचा अर्थ एवढाच की ‘माणसे’. हा अर्थ आम्हाला फार आवडतो. देवाने आपल्या प्रतिरूपात ज्यांना निर्माण केले तीच ही माणसे.

एकदा दिवाळीनंतर या रस्त्याने जात असता आमची बस देडतलाईला थांबली. रस्त्याच्या कडेला पाचसहा कुटुंबे गाडीची वाट पाहात बसली होती. गाठोडी, पातेली, पाण्याचा डबा, पांघरुणे असा सारा संसार शेजारी मांडलेला. मजुरीसाठी ती महाराष्ट्रात निघाली होती. त्यांत दहाअकरा वर्षांची एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. तिच्या अंगात शाळेच्या गणवेशाचा सदरा होता. कितवीत आहेस, असे आम्ही हिंदीत विचारले. तिने आईकडे पाहिले, आणि मग हळूच “पाँचवी” म्हणाली. परत कधी येणार, या प्रश्नाचे उत्तर आईने दिले : होळीला. होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण; त्यासाठी माणसे असतील तेथून घरी परततात. आम्ही मनाशी हिशेब केला. दिवाळी ते होळी म्हणजे चार महिने. वर्गात अभ्यासाला खरा रंग चढतो तो याच महिन्यांत. ती परत येईल तेव्हा पुस्तक शेवटच्या पानाशी आलेले असेल, आणि परीक्षा दाराशी.

बस सुटली. पुढे सारा वेळ आम्हाला दुसरेच एक मूल आठवत राहिले.

ती आठवण सांगताना लाज वाटते, तरी सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका मंडळीत आम्ही रविवारच्या शाळेचा वर्ग घेत होतो. वर्गात प्रत्येक मुलाने पाळीपाळीने एक वचन मोठ्याने वाचायचे, अशी आमची पद्धत होती. एका रविवारी एक नवा मुलगा आला. त्याचे आईबाप मजुरीसाठी त्या गावी आले होते. त्याची पाळी आली तेव्हा त्याने पुस्तक हातात घेतले आणि तो उभा राहिला. पण तोंडातून शब्द निघेना. कोणीतरी हसले. आम्ही म्हणालो, “सातवीत आहेस ना? एवढेही वाचता येत नाही?” मुलगा खाली बसला. पुढच्या रविवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही रविवारी नाही. आम्ही हजेरीपटात त्याच्या नावापुढे ‘गैरहजर’ अशी खूण करीत राहिलो, आणि एक दिवस त्याचे नाव कमी केले. त्या दिवशीचा पाठ कोणता होता हे आज आम्हाला आठवत नाही. त्या मुलाची खाली गेलेली मान मात्र आठवते.

आता शास्त्रभागाकडे वळू.

पहिली गोष्ट ही की तो माणूस स्वतःच्या पायांनी येऊ शकत नव्हता. त्याला येण्याची इच्छा नव्हती असे मार्क म्हणत नाही. त्याचे अंगच हलत नव्हते. अभ्यासात मागे पडलेल्या मुलाविषयी आपण किती सहज बोलतो! आळशी आहे, डोके नाही, घरी वळण नाही. पण देडतलाईच्या त्या मुलीचे पाहा. घरी ती कोरकू बोलते. ही भाषा आर्य कुळातली नाही आणि द्राविडीही नाही. छोटा नागपूरच्या मुंडारी, संताळी या भाषांची ती दूरची बहीण आहे. २०११ च्या जनगणनेत सुमारे सव्वासात लाख लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून नोंदवली. शाळेत पहिल्याच दिवशी त्या मुलीपुढे पुस्तक येते ते हिंदीचे. हद्दीपलीकडे धारणीच्या बाजूला तिच्याच आतेबहिणीपुढे येते ते मराठीचे. आपल्या मुलांना पहिलीत अक्षर तेवढे नवे असते, शब्द आईकडून आलेला असतो. या मुलांना अक्षरही नवे आणि शब्दही नवा. त्यात चार महिने स्थलांतर, आणि घरात शिकवू शकेल असे कोणी नाही, कारण शाळेत जाणारी त्या घरातली ही पहिलीच पिढी. मुलीच्या बुद्धीत काही उणे नाही. वाट अडलेली आहे.

आणि हे केवळ डोंगरातलेच दुखणे आहे असे समजू नये. ‘असर’ या नावाने देशभर खेड्यापाड्यांतील मुलांच्या वाचनाची पाहणी होते. २०२४ च्या पाहणीत सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचू शकणारी मुले शेकडा २३.४ इतकीच होती. २०२२ साली, कोरोनाने शाळा बंद राहिल्यानंतर, हे प्रमाण १६.३ पर्यंत खाली गेले होते. म्हणजे थोडी सुधारणा आहे, त्याबद्दल देवाची स्तुती असो. तरीही चारांतील तीन मुले अजून बाजेवरच आहेत.

दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. दारात गर्दी होती. ती कोणाची? चोरांची नव्हे, शत्रूंचीही नव्हे. प्रभूचे वचन ऐकण्यासाठी जमलेल्या माणसांची! ती माणसे चांगली होती. त्यांनी आजाऱ्याला हाकलून दिले नाही; ती फक्त हलली नाहीत. त्यांच्या पाठी त्याच्याकडे होत्या. बंधुभगिनींनो, उपासनेला नेमाने येणारे आपण, वर्गात नीट वाचणाऱ्या मुलाला बक्षीस देणारे आपण, त्या दारातील गर्दी तर नाही ना? आमच्यापुरते उत्तर आम्ही वर दिलेच आहे. वचन शिकवीत असतानाच आम्ही एका मुलाची वचनाकडची वाट अडवली.

येथे रविवारच्या शाळेच्या शिक्षकांना आपल्या कामाच्या जन्माची आठवण करून द्यावीशी वाटते. १७८० साली इंग्लंडातील ग्लॉस्टर गावी रॉबर्ट रेक्स नावाच्या वृत्तपत्राच्या संपादकाने रविवारची शाळा सुरू केली. ती कोणासाठी? आठवड्याचे सहा दिवस कामाला जुंपलेल्या गरीब मुलांसाठी, ज्यांना रविवारखेरीज मोकळा दिवस नव्हता. तेथे पहिले काम होते ते अक्षर शिकवण्याचे. तेव्हा वाचता न येणारे मूल हा रविवारच्या शाळेतील अडथळा नव्हे. त्याच्याचसाठी ही शाळा निघाली.

आपल्या महाराष्ट्र मंडळीच्या इतिहासातही हाच धडा आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून उपासमारीत सापडलेल्या शेकडो मुली व विधवा त्यांनी आणल्या. केडगावच्या मुक्तिसदनात त्यांना अक्षरओळख मिळाली, हाताला उद्योग मिळाला, छापखान्याचे काम मिळाले. पुढे रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून साध्या मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर केले, तेव्हा त्याचे खिळे जुळवण्याचे काम मुक्तीतल्याच स्त्रियांनी केले. जिला अक्षर ठाऊक नव्हते तिच्या हातून शास्त्राची पाने छापून निघावीत, याहून मोठी साक्ष कोणती!

तिसरी गोष्ट : चौघांनी त्याला उचलले. त्यांची नावे मार्क देत नाही. ते कोण होते, किती शिकलेले होते, सभास्थानात त्यांना काही मान होता की नाही, काही सांगत नाही. सांगतो एवढेच की प्रभूने त्यांचा विश्वास पाहिला. विश्वास डोळ्यांनी दिसला तो कशात? चार खांद्यांत.

आपल्या मंडळ्यांतून तरुण संघ आहेत. नाताळची नाटिका, गायनस्पर्धा, वनभोजन ही त्यांची कामे चांगलीच आहेत. पण दहावी-बारावी झालेल्या तरुणाने आठवड्यातून चार संध्याकाळी एक तास मागे पडलेल्या मुलांना दिला तर काय होते, हे आता नुसते अंदाजाचे राहिलेले नाही. १९९५ साली मुंबईच्या वस्त्यांतून ‘प्रथम’ या संस्थेचे काम सुरू झाले. तिने असा मार्ग घेतला की मूल कितव्या इयत्तेत आहे हे न पाहता त्याला काय येते हे पाहावे. अक्षरे ओळखणारी मुले एकीकडे, शब्द वाचणारी दुसरीकडे, आणि जेथे मूल असेल तेथून त्याला पुढे न्यावे. शिकवणारी बहुधा वस्तीतलीच मुलेमुली. उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात या कामाची काटेकोर परीक्षा झाली. ती करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो हे होते, ज्यांना २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तेथे काही गावांत नुसत्या सभा घेऊन लोकांना शाळेविषयी माहिती दिली. मुलांच्या वाचनात फरक पडला नाही. काही गावांत थोड्या दिवसांचे शिक्षण घेतलेल्या गावच्याच तरुणांनी शाळेबाहेर वाचनाचे वर्ग चालवले; त्या वर्गांना आलेली मुले स्पष्टपणे पुढे गेली. सभा भरवण्यात आपला हातखंडा आहे, म्हणून हा निष्कर्ष आपण दोनदा वाचावा.

परंतु त्याच परीक्षेत आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती न सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्यांना मुळीच वाचता येत नव्हते, त्यांतली आठांपैकी सुमारे एकच मुले वर्गाला आली. वर्ग उघडला, दिवा लावला, फलक टांगला, म्हणजे काम झाले असे नाही. बाज दारापर्यंत आपोआप येत नाही. कोणीतरी आजाऱ्याच्या घरी जावे लागते.

चौथी गोष्ट : त्यांनी छप्पर उकलले. दार बंद दिसले म्हणून ते परत फिरले नाहीत. छपराला भोक पडले, खालच्यांच्या डोक्यावर माती पडली असेल, घरमालकाचे नुकसान झाले. मागे पडलेल्या मुलांचे काम हाती घ्यायचे तर मंडळीलाही थोडे नुकसान सोसावे लागेल. मंदिराची खोली संध्याकाळी उघडावी लागेल. विजेचे बिल वाढेल, सतरंज्या मळतील, भिंतीवर हात उमटतील. मंडळीच्या वडिलांच्या सभेत कोणीतरी विचारील, ही मुले आपली आहेत का? अशा वेळी कफर्णहूमच्या त्या घराची आठवण ठेवावी. छपराची भरपाई प्रभूने मागितली नाही, आणि ते उकलणाऱ्यांना तो रागावलाही नाही.

पाचवी गोष्ट बहुधा आपल्या नजरेतून सुटते. बरे केल्यावर प्रभूने त्याला काय सांगितले? उठ, बाज घे आणि आपल्या घरी जा. इतरांना त्याने आपल्यामागे यायला बोलावले. याला घरी पाठवले. घरी त्याची वाट पाहणारे कोणी असणार. इतके दिवस ज्यांनी त्याला भरवले, कूस बदलून दिली, ती माणसे थकलेली असणार. मुलाला मदत करायची आणि त्याच्या घराकडे पाहायचे नाही, हे प्रभूच्या रीतीला धरून नाही.

देडतलाईच्या त्या आईला मुलीने शिकू नये असे वाटत होते काय? मुळीच नाही. घरी ठेवायची तर कोणाजवळ? मुकादमाची उचल घेतलेली असली की संपूर्ण कुटुंबाला निघावे लागते. अशा आईबापांना उपदेश नको असतो. माहिती हवी असते, आणि कचेरीत बरोबर येणारे माणूस हवे असते. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याप्रमाणे शाळा सोडल्याचा दाखला उशिरा मिळाला किंवा जन्माचा पुरावा नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. वर्षाच्या मध्येच आलेल्या मुलालाही दाखल करून घ्यावे लागते. आणि मागे पडलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवून वेगळे शिक्षण देण्याची सोय आहे. जेथे ही कुटुंबे मजुरीला येतात तेथील मंडळीच्या तरुणांना एवढे ठाऊक असले, तर त्या चार महिन्यांत त्या मुलीला जवळच्या शाळेत बसवता येईल. मध्य प्रदेशात आता पाचवी व आठवीच्या परीक्षा पुन्हा बोर्डाच्या धर्तीवर होऊ लागल्या आहेत. नापास झालेल्या मुलाला पुन्हा परीक्षेची संधी मिळते, हेही अनेक घरांना कोणी सांगितलेले नसते. जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, वसतिगृहाची चौकशी ही सारी कामे एका सुशिक्षित तरुणाला अर्ध्या दिवसाची. त्या बापाला मात्र चार दिवसांची मजुरी बुडवणारी.

शिवाय एक गोष्ट स्पष्ट असावी. अभ्यासाची मदत हे आमिष होऊ नये. कोणाच्या मुलाला अक्षर शिकवले म्हणून त्याने आपल्या उपासनेला यावे अशी अट, उघड किंवा मनातली, आपण ठेवू नये. प्रभूने त्या माणसाकडून काही लिहून घेतले नाही. जे फुकट मिळाले ते फुकट द्यावे, हीच त्याची शिकवण. मूल कोरकू असो, मुसलमान असो, हिंदू असो की आपल्याच मंडळीतले असो, त्याला वाचता आले, यातच आपला आनंद असावा. आईबापांना विचारून, त्यांच्या संमतीने, उघड्या दाराने हे काम करावे.

आरंभ कसा करावा, असे कोणी विचारील. मोठी योजना आखू नये. तरुण संघातील चौघांनी एकत्र यावे. आपल्या मंडळीच्या आसपास वाचता न येणारी मुले कोण आहेत ते घरोघर जाऊन पाहावे. शाळेच्या गुरुजींना भेटावे. ते आपले प्रतिस्पर्धी नव्हेत, त्यांच्या वर्गात चाळीस मुले असतात. एकाने वाचन घ्यावे, एकाने गणित, एकाने मुलांना घरून आणावे व पोहोचवावे, आणि चौथ्याने आईबापांकडे जावे. मुलाची बोली थोडी शिकून घ्यावी. पाणी, भाकर, आई हे शब्द त्याच्या भाषेत म्हणता आले तरी त्याचा चेहरा उजळतो. मोठ्याने वाचायला लावण्यापूर्वी त्याच्या शेजारी बसून वाचावे. नहेम्याच्या काळी लेव्यांनी नियमशास्त्र नुसते वाचले नाही, अर्थ फोड करून लोकांना समजेल असे केले (नहेम्या ८:८). तीच रीत येथेही चालते. आणि एक मूल गैरहजर राहिले तर त्याच संध्याकाळी त्याच्या घरी जावे. हजेरीपटातील खूण पुरेशी नाही, हे आम्ही उशिरा शिकलो.

हे काम तरुणांना झेपेल काय? १९९७ साली मेळघाटातील बालमृत्यूंच्या बातम्या ऐकून पुण्याच्या ‘मैत्री’ संस्थेने पावसाळ्यात स्वयंसेवकांच्या तुकड्या पाळीपाळीने तेथे पाठवण्यास सुरुवात केली. त्यांतील बहुतेक माणसे नोकरी-शिक्षणातली साधी माणसे होती. आपल्या सुटीतले थोडे दिवस त्यांनी दिले. देवाच्या मुलांना थोड्या संध्याकाळी देता येणार नाहीत काय?

त्या मुलाचे पुढे काय झाले ते आम्हाला कळले नाही. आज तो मोठा झाला असेल. कदाचित कोणीतरी दुसऱ्याने त्याच्या शेजारी बसून त्याला वाचायला शिकवले असेल. तसे व्हावे अशी आम्ही प्रार्थना करतो. त्याची क्षमा मागायला आम्हाला त्याचे घर ठाऊक नाही. परंतु देडतलाईच्या रस्त्यावर दर दिवाळीनंतर मुले उभी असतात, आणि आपल्या गावच्या वीटभट्टीवर, उसाच्या फडात, बांधकामावर तीच येऊन पोहोचतात. त्यांचे घर आपल्याला सापडू शकते. बाजेचे चार कोपरे रिकामे आहेत. येत्या रविवारी उपासना सुटल्यावर दारात गप्पा मारीत उभे राहण्याऐवजी आपणांपैकी चौघे त्या दिशेने चालू लागले, तर या लेखाचे सार्थक झाले.

प्रार्थना : हे दयाळू देवा, ज्यांच्याकडे आम्ही पाठ करून उभे राहिलो त्यांच्याकडे आमची तोंडे फिरव. ज्या मुलाला आमच्या शब्दांनी लाज वाटली त्याला तू जवळ घे. आमच्या तरुणांच्या खांद्यांना बळ दे, आमच्या मंडळ्यांची दारे रुंद कर, आणि दूर मजुरीला गेलेल्या प्रत्येक कुटुंबाला सुखरूप घरी आण. आमचा प्रभू येशू ख्रिस्त याच्या नावाने मागतो. आमेन.